पाला, प्लेट आणि ट्यूब

उसाच्या फडात कोयता निसटून बोटाला लागला, की बांधावर वाकायचं, दगडी पाल्याची चार पानं खुडायची, तळहातावर चोळायची आणि हिरवा रस जखमेवर पिळायचा. हे कुणी कुणाला शिकवत नाही. पाहून पाहून येतं. या झाडोऱ्याला कुणी एकदांडी म्हणतं, कुणी कंबरमोडी, कुणी थेट जखमजुडी. खरखरीत, दातेरी कडांची पानं, जमिनीलगत पसरणारं खोड आणि वीतभर देठावर एकटंच डोलणारं, पांढुरक्या पाकळ्यांचं पिवळं फूल. वनस्पतिशास्त्रातलं नाव ट्रायडॅक्स प्रोकम्बेन्स.

गंमत अशी, की ही वनस्पती मुळात इथली नाहीच. तिचं माहेर उष्ण कटिबंधातली अमेरिका. जहाजांची ये-जा सुरू झाल्यावर ती जगभर पांगली, तशी इकडेही आली आणि रस्त्याच्या कडेला, पडीक रानात, बांधावर तण म्हणून रुजली. चरक-सुश्रुतांच्या नजरेस ती पडण्याचा प्रश्नच नव्हता. त्यामुळे आपल्याकडे ज्या कुणी पहिल्यांदा तिचा रस जखमेवर पिळला, त्याला सांगायला ग्रंथ नव्हता. त्याने करून पाहिलं, गुण आला, शेजाऱ्याने बघितलं. गेल्या काही शतकांत, कुठलीही नोंद न ठेवता, शेतकऱ्या-गुराख्यांनी एक नवं औषध शोधून काढलं.

दगडी पाल्याचा रस जखमेवर काय करतो, हे पांढऱ्या उंदरांवर तपासणारे निबंध भारतीय नियतकालिकांत १९८०च्या दशकापासून येत आहेत. आज तर राज्यातल्या फार्मसी महाविद्यालयांत एम. फार्म.च्या प्रबंधांची एक ठरीव जातच झाली आहे : ‘अमुक वनस्पतीच्या अर्कापासून जंतुरोधक जेलची निर्मिती व मूल्यमापन’. कडुनिंब, निर्गुडी, तुळस, हळद, कोरफड, दगडी पाला. वनस्पती बदलते, साचा तोच. अर्क काढायचा, त्यात काय काय आहे याच्या रंगचाचण्या करायच्या, एफ-१ ते एफ-६ अशी सहा जेल बनवायची, सामू, दाटपणा, पसरण्याची क्षमता मोजायची आणि जंतूंच्या प्लेटवर वर्तुळ उमटतं का ते पाहायचं. बहुतेक वेळा उमटतं. एफ-३ किंवा एफ-४ सरस ठरतं, निष्कर्षात ‘आशादायक’ हा शब्द येतो आणि प्रबंध ग्रंथालयाच्या कपाटात जातो.

औषधाच्या दुकानात मात्र जखमेसाठी मलम मागितलं, की आजही हातात पडतं ते फ्रामायसेटिन, म्युपिरोसिन किंवा पोव्हिडोन आयोडीन. इतकी ‘आशादायक’ जेल निघूनही त्यांतली ट्यूबपर्यंत का पोहोचत नाहीत? वनस्पतींत दम नाही म्हणून, हे उत्तर चुकीचं आहे. ‘बड्या कंपन्या दाबून टाकतात’ हे उत्तर त्याहून आळशी आहे. खरं कारण प्रबंध जिथे संपतो, तिथून पुढच्या कंटाळवाण्या कामात आहे.

आधी पाला

पहिली अडचण ओळख पटवण्याची. महाराष्ट्रात ‘ब्राह्मी’ मागितली, तर एका ठिकाणी गोल पानांची मंडूकपर्णी मिळते, दुसऱ्या ठिकाणी जलब्राह्मी. दोन्ही वनस्पतींची कुळं वेगळी, रसायनं वेगळी. जखम भरण्याशी नातं सांगितलं जातं ते मंडूकपर्णीचं. दुसरी स्मरणशक्तीसाठी प्रसिद्ध. म्हणून शिस्तीचा विद्यार्थी आधी फुलासकट फांदी दाबून, वाळवून, कागदावर चिकटवून पुण्याला भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागीय केंद्रात किंवा आघारकर संशोधन संस्थेत पाठवतो आणि ओळखीचा दाखला मिळवतो. या कागदाविना पुढचं सगळं काम हवेत.

मग पानं सावलीत वाळवायची, दळायची, चाळायची आणि अर्क काढायचा. फार्मसीच्या प्रयोगशाळेत हे काम बहुधा सॉक्सलेटच्या काचयंत्रात होतं. खाली चंबूत द्रावक उकळतं, वाफ वर जाऊन थंड होते, थेंब थेंब पुडीतल्या भुकटीवर पडते, भांडं भरलं की आपोआप खाली रिकामं होतं आणि पुन्हा पहिल्यापासून. तास-दोन तासांत काचेतलं पाणचट द्रावक गडद हिरवं होतं. ते उडवून लावलं, की उरतो काळपट हिरवा, चमच्याला न सोडणारा चिकटा. हाच तो ‘अर्क’.

त्यात काय उतरेल, हे पानापेक्षा द्रावक ठरवतं. हेक्झेनमध्ये मेण आणि तेलकट पदार्थ येतात, अल्कोहोलमध्ये फ्लेव्होनॉइड आणि बरीचशी अल्कलॉइड, पाण्यात साखरा, क्षार, टॅनिन. प्रबंधांत सर्रास मिथेनॉल वापरतात, कारण त्यात बरंच काही उतरतं. पण इथेच एक फट पडते. शेतकऱ्याने जखमेवर पिळलेला रस ताजा होता, पाण्याचा होता, त्यात जिवंत पानातली विकरं होती. प्रयोगशाळेतला चिकटा वाळलेल्या पानांचा, उकळत्या मिथेनॉलमधला. दोहोंत समान आहे ते फक्त झाडाचं नाव. तरीही प्रस्तावनेत पहिलं वाक्य ‘या वनस्पतीचा परंपरेने जखमेवर उपयोग होतो’ असं असतं, आणि चाचणी होते ती परंपरेत कधी नसलेल्या पदार्थाची. मिथेनॉलचा अर्क वाईट असं नव्हे. त्याने आजीच्या ज्ञानाची साक्ष मात्र काढू नये.

दुसरी फट प्रमाणाची. हळदीचंच घ्या. तिचा पिवळा कर्क्युमिन सर्वसाधारण हळदीत दोन-तीन टक्क्यांपासून पाच टक्क्यांपर्यंत असतो. भौगोलिक मानांकन मिळालेल्या वर्ध्याच्या वायगाव हळदीत त्याहूनही जास्त भरतो. जात, जमीन, काढणीची वेळ, शिजवणं, वाळवणं, साठवण या सगळ्यांनी आकडा हलतो. मग ‘पाच टक्के हळदीचा अर्क’ असं ट्यूबवर छापलं, तर त्यातून नेमकं काय कळलं? अँटिबायोटिकच्या मलमात दर ग्रॅमला किती औषध आहे, हे ठरलेलं असतं. वनस्पतीच्या अर्कातही एखादा तरी खुणेचा घटक धरून तो दर खेपेला मोजावा लागतो, नाहीतर मार्चच्या जेलचा गुण सप्टेंबरच्या जेलला असेलच असं नाही.

प्लेटवरचं वर्तुळ

आता प्लेट. काचेच्या किंवा प्लास्टिकच्या बशीत म्युलर-हिंटन अगार ओतून चार मिलिमीटर जाडीचा थर जमवलेला असतो. जंतूंचं द्रावण एका ठरलेल्या गढूळपणाला आणतात, म्हणजे मिलिलिटरमागे साधारण १५ कोटी जंतू. कापसाच्या बोळ्याने ते अगारवर तीन दिशांनी सारवतात, गोल पात्याने सहा-आठ मिलिमीटरच्या विहिरी पाडतात, त्यांत अर्क किंवा जेल भरतात आणि बशी ३७ अंशांवर रात्रभर ठेवतात. सकाळी जंतूंची दुधट साय पसरलेली दिसते आणि विहिरीभोवती जंतू न वाढलेलं स्वच्छ वर्तुळ. व्हर्नियर कॅलिपरने त्याचा व्यास मोजला, की तक्ता तयार. बोलीत सगळे त्याला नुसतं ‘झोन’ म्हणतात : “झोन आला का?”

आला तरी तो नक्की कुणाचा, हा खरा प्रश्न. अर्क डायमिथाइल सल्फॉक्साइडमध्ये किंवा अल्कोहोलमध्ये विरघळवला असेल, तर ते द्रावकही जंतूंना मारू शकतं. जेलमध्ये तर ते सडू नये म्हणून पॅराबेनसारखी परिरक्षकं घातलेली असतात, आणि परिरक्षकाचं काम म्हणजे जंतू वाढू न देणं. म्हणून एका विहिरीत अर्काविना केलेलं कोरं जेल भरलंच पाहिजे. त्याचा झोन १२ मिलिमीटर आणि अर्कासकट १४, तर वनस्पतीची कमाई दोन मिलिमीटरची. हा कोऱ्या जेलचा रकाना अनेक तक्त्यांत नसतोच.

शिवाय वर्तुळ मोठं म्हणजे औषध जालीम, असंही नाही. अगार हे पाण्याचं जाळं. लहान, पाण्यात विरघळणारा रेणू त्यातून भराभर पसरतो आणि मोठं वर्तुळ काढतो. कर्क्युमिनसारखा पाण्याशी वाकडं असलेला रेणू विहिरीच्या काठीच अडकतो. तो जंतूंना मारत असला, तरी झोन लहानच दिसणार. म्हणून पुढची पायरी लागते ती किमान रोधक मात्रेची : जंतू वाढू न देणारी सर्वांत कमी मात्रा कोणती? कर्क्युमिनसारख्या रेणूचीही परीक्षा इथे अधिक सरळ होते. चांगल्या अँटिबायोटिकला मिलिलिटरमागे एखादा मायक्रोग्रॅम किंवा त्याहून कमी पुरतो. वनस्पतींच्या अर्काबाबत रिओस आणि रेसिओ या स्पॅनिश संशोधकांनी २००५मध्ये ‘जर्नल ऑफ एथ्नोफार्माकोलॉजी’त एक रोखठोक शिफारस केली : १००० मायक्रोग्रॅमहून जास्त मात्रा लागणारे अर्क बाजूला ठेवा, १००च्या खाली काम करणारे असतील तरच उत्सुकता दाखवा. या चाळणीतून आपले ‘आशादायक’ अर्क घातले, तर किती उरतील हा प्रश्नच आहे.

जंतूही सगळे सारखे नाहीत. कातडीवर, नाकात वावरणारा आणि गळवं-पुटकुळ्या आणणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस वनस्पतींच्या अर्कांना तुलनेने लवकर बधतो. भाजलेल्या जखमेत घर करणारा स्यूडोमोनास मात्र निगरगट्ट. त्याला बाहेरून एक जादा पापुद्रा असतो, आणि त्यातून काही आत शिरलंच, तर पंप असतात. बोटीत शिरलेलं पाणी नावाडी उपसून टाकतो, तसं आत आलेलं विष हे पंप बाहेर फेकत राहतात.

याच पंपांबाबत २०००मध्ये एक सुरेख गोष्ट उजेडात आली. दारुहळदीच्या कुळातल्या, बर्बेरिस प्रजातीच्या अमेरिकी झुडपांवर फ्रँक स्टरमिट्झ आणि किम लुइस यांचे गट काम करत होते. या झुडपांत बर्बेरिन हे पिवळं अल्कलॉइड असतं. ते एकटं स्टॅफिलोकॉकसवर फारसं चालत नाही, कारण जंतूचा ‘नॉर-ए’ नावाचा पंप ते बाहेर उपसतो. संशोधकांना दिसलं, की तीच झुडपं आणखी एक रेणू बनवतात. त्याला स्वतःला जंतू मारता येत नाहीत. तो फक्त पंप बंद पाडतो. दोघं एकत्र आले, की बर्बेरिनचं बळ कितीतरी वाढतं. म्हणजे अर्कातला एकेक घटक सुटा करून तपासला असता, तर दुसरा रेणू ‘निरुपयोगी’ म्हणून टाकून दिला गेला असता. सबंध अर्क वापरण्यामागे कधी कधी खरंच शास्त्र असतं, ते असं. पण ‘सगळे घटक मिळून काम करतात’ हे नुसतं म्हणून चालत नाही. कोण मारतो आणि कोण दार अडवून धरतो, हे दाखवावं लागतं.

हे सगळं आज का महत्त्वाचं, तर जंतूंना औषधं लागू न पडण्याचा प्रश्न हाताबाहेर चालला आहे. ‘लॅन्सेट’मध्ये २०२२ साली आलेल्या अभ्यासाचा अंदाज असा, की २०१९ या एका वर्षात जगात १२.७ लाख मृत्यू थेट अशा औषधरोधी जंतूंमुळे झाले. साध्या खरचटण्यावर प्रत्येक वेळी अँटिबायोटिकचं मलम चोपडणं यात भरच घालतं. वरवरच्या जखमेपुरता वेगळा, सुरक्षित पर्याय मिळाला तर तो हवाच आहे.

हळदीच्या दाव्यातून काय सिद्ध झालं?

हा विषय निघाला आणि हळदीचा दावा निघाला नाही, असं होत नाही. अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मार्च १९९५मध्ये जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट मिळालं. क्रमांक ५४०१५०४. संशोधक दोघेही भारतीय वंशाचे. रघुनाथ माशेलकर तेव्हा वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते. परिषदेने १९९६मध्ये फेरतपासणीची मागणी केली आणि ३२ संदर्भ पुढे ठेवले. त्यांत संस्कृत, उर्दू, हिंदी ग्रंथ होते, ‘जर्नल ऑफ द इंडियन मेडिकल असोसिएशन’मधला १९५३चा निबंधही होता. ऑगस्ट १९९७मध्ये अमेरिकी पेटंट कार्यालयाने दावे फेटाळले. त्याच अनुभवातून पुढे पारंपरिक ज्ञानाचं डिजिटल ग्रंथालय उभं राहिलं.

विजय मोठा होता, पण तो कशाचा होता हे अनेकदा विसरलं जातं. पेटंट रद्द झालं ते ‘यात नवीन काही नाही’ म्हणून. हळद जखमेवर लावतात हे जुनं आहे, एवढंच तिथे सिद्ध झालं. ती किती गुणकारी, कोणत्या जखमेवर, कोणत्या मात्रेत, हा त्या कार्यालयापुढचा प्रश्नच नव्हता. मालकीचा खटला जिंकला म्हणून औषधाची परीक्षा पास झाल्याचं समाधान आपण मानून घेतलं.

त्या परीक्षेत कर्क्युमिनची प्रगती यथातथाच आहे. ‘जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्री’मध्ये २०१७ साली कॅथरीन नेल्सन आणि सहकाऱ्यांनी त्याचा लांबलचक आढावा घेतला. हा रेणू चाचणीनळीत सगळ्यांनाच चिकटतो, स्वतः चमकतो, मोडतो आणि त्यामुळे नसलेले गुणही दाखवतो, असं त्यांनी मांडलं. माणसांवरच्या १२०हून अधिक चाचण्यांनंतरही दुहेरी अंध, प्लासिबोशी तुलना केलेली एकही यशस्वी झाली नाही, असा त्यांचा निर्वाळा. या चाचण्या मुख्यतः पोटात घेण्याच्या होत्या. कातडीवरचा हिशेब वेगळा असू शकतो. पण तो वेगळा आहे, हे कुणीतरी मोजून सांगायला हवं.

जेल जमतं कसं, फसतं कसं

आता अर्क ट्यूबमध्ये कसा बसवायचा? मलमाऐवजी जेल निवडण्याला कारणं आहेत. ते तेलकट नसतं, सहज पसरतं, पाण्याने धुतलं जातं, जखमेला थंडावा देतं आणि पाण्यात विरघळणारं औषध पटकन सोडतं.

सर्वांत रुळलेला बेस कार्बोपॉलचा. ही पांढरी, हलकी, जराशा फुंकरीने उडणारी भुकटी. १०० मिलिलिटर पाण्याला ग्रॅमभर पुरते. ती एकदम ओतली तर संपलंच : वरून फुगलेल्या, आतून कोरड्या गाठी होतात. प्रयोगशाळेत त्यांना ‘फिशआय’ म्हणतात आणि त्या मोडता मोडत नाहीत. म्हणून पाणी फिरतं ठेवून भुकटी चिमटीचिमटीने भुरभुरवायची आणि रात्रभर भिजू द्यायची. सकाळीही ते पातळ, दुधट आणि आंबटच असतं. सामू तीनच्या आसपास. मग ट्रायइथेनॉलअमाइनचे थेंब सोडायचे. पहिल्या काही थेंबांना काही होत नाही. पुढच्या दोन-चार थेंबांत ढवळणी जड होते, गढूळपणा जातो आणि भांड्यात काचेसारखं पारदर्शक जेल उभं राहतं. आम्ल उदासीन होताच बहुलकाच्या साखळ्यांवर ऋणभार येतो, त्या एकमेकींना दूर लोटतात, उलगडतात आणि पाण्याला धरून ठेवतात.

कोरं जेल असं देखणं जमतं. त्यात वनस्पतीचा अर्क घातला, की खरी कसोटी सुरू. अर्कात क्षार असतात. ते साखळ्यांवरचा भार झाकतात, लोटालोटी थांबते आणि काल चमच्यावर उभं राहणारं जेल आज ओघळायला लागतं. कार्बोपॉल वाढवावं तर जेल ताठर होतं, पसरत नाही. अर्क कमी करावा तर झोन जातो. एफ-१ ते एफ-६ ही सगळी ओढाताण याचीच असते.

हळदीच्या बाबतीत आणखी एक पेच. पिवळ्या डागावर साबण लावला की तो लाल होतो, हे घरोघरी माहीत आहे. कर्क्युमिन अल्कलीत गेल्याची ती खूण. जेल घट्ट करायला घातलेलं ट्रायइथेनॉलअमाइन हीसुद्धा अल्कलीच. हात जरा जड पडला तर जेल पिवळ्याचं लालसर होतं. रंगाचं एक वेळ सोडा. ३७ अंशांवर, ७.२ सामूच्या बफर द्रावणात अर्ध्या तासात सुमारे ९० टक्के कर्क्युमिन मोडतं, असं १९९७च्या एका अभ्यासात दिसलं आहे. म्हणजे जेल छान जमलं म्हणून खूश व्हावं, तोवर आतलं औषध संपत आलेलं. शिवाय उजेडानेही ते विरतं आणि कपड्यावर डाग पडतो तो वेगळाच.

पुढची परीक्षा मुरण्याची. एकावर एक अशा दोन कप्प्यांचं फ्रांझचं काचपात्र असतं. मध्ये पडदा, वर जेल, खाली त्वचेच्या तापमानाला, ३२ अंशांवर ठेवलेलं द्रावण. पडद्यातून तासागणिक किती औषध उतरतं ते मोजायचं. आपल्याकडे पडदा म्हणून सेलोफेन किंवा अंड्याचं आतलं पातळ आवरणही वापरतात. मग टिकाऊपणा : ४० अंश तापमान, ७५ टक्के आर्द्रता, सहा महिने. उद्योगाला हे अनिवार्य. प्रबंधाला मात्र महिना-तीन महिन्यांत उरकावं लागतं, कारण शैक्षणिक वर्ष संपत आलेलं असतं. आणि पाणी, साखरा नि वनस्पतीचा अर्क असलेलं जेल म्हणजे बुरशीला मेजवानी. जंतू मारायच्या जेलमध्येच जंतू वाढल्याचं दृश्य या क्षेत्रातल्या कुणालाही नवीन नाही.

शंभर वेळा धुतलेलं तूप

औषध कशात घालून लावायचं, हा प्रश्न जुन्या वैद्यांनाही पडला होता आणि त्यांनी त्यावर बारकाईने विचार केला होता. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात पहिल्याच अध्यायात व्रणाचे साठ उपक्रम सांगितले आहेत. कुठे लेप, कुठे काढ्याने धुणं, कुठे तेल, कुठे तूप, कुठे पट्टी. जखम ओली की कोरडी, पूवाची की स्वच्छ, यावर निवड. तेल सिद्ध करताना एक भाग वाटलेली वनस्पती, चार भाग तेल, सोळा भाग द्रव, हे प्रमाण आणि पाणी आटल्याच्या खुणा नेमून दिल्या आहेत. पाण्यात उतरणारं आणि तेलात उतरणारं, दोन्ही एकाच भांड्यात मिळवण्याची ही युक्ती.

शतधौत घृताची कृती तर आजच्या फार्मसीच्या विद्यार्थ्याने एकदा हाताने करून पाहावी अशी आहे. तांब्याच्या ताटात गाईचं तूप घ्यायचं, पाणी घालून तळहाताने फेटायचं, पाणी ओतून द्यायचं, नवं घालायचं. असं शंभर वेळा. तुपाचा पिवळेपणा आणि वास जात जातो, दाणे मोडतात आणि शेवटी हाती येतं पांढरं, मऊ, बोटाला गार लागणारं क्रीम. उष्णता नाही, रसायन नाही; नुसत्या घर्षणाने पाणी तुपात बसवलेलं.

जात्यादि तेलाकडेही नीट पाहायला हवं. जाई, कडुनिंब, करंज, हळद, दारुहळद, मंजिष्ठा यांच्या जोडीला त्यात मोरचूद आहे, म्हणजे कॉपर सल्फेट. आणि तांबं जंतुनाशक आहे हे उघड आहे. ‘शंभर टक्के वनस्पतिजन्य’ हा आग्रह आजच्या जाहिरातींचा, जुन्या वैद्यांचा नव्हे. त्यांना जखम बरी करायची होती. त्यासाठी झाड, धातू, मेण, तूप जे उपयोगी ते त्यांनी घेतलं. त्यांच्याकडून वनस्पतींच्या नावांची यादी आपण उचलली आणि कृतीतला काटेकोरपणा तिथेच ठेवला.

परवान्याची दोन दारं

जेल जमलं, टिकलं, असं समजू. बाजारात आणायला भारतात मुख्यतः दोन वाटा. एक आयुर्वेदिक औषधाची. १९४०च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या परिशिष्टात काही प्रमाणग्रंथ नमूद आहेत. त्यांतल्या पाठांत आलेलेच घटक वापरून नवं मिश्रण केलं, तर ते ‘पेटंट किंवा प्रोप्रायटरी’ आयुर्वेदिक औषध ठरतं आणि राज्याकडून परवाना मिळू शकतो. ही वाट तुलनेने सोपी आहे. पण ज्या वनस्पतीचा त्या ग्रंथांत उल्लेखच नाही, तिला हे दार बंद. लोकांनी अलीकडच्या शतकांत शोधलेल्या औषधाची कुचंबणा होते ती इथे.

दुसरी वाट ३० नोव्हेंबर २०१५च्या अधिसूचनेने उघडली : ‘फायटोफार्मास्युटिकल’. वनस्पतीचा शुद्ध केलेला, प्रमाणित अंश. त्यातले किमान चार घटक ओळखून, मोजून दाखवायचे. सुरक्षितता सिद्ध करायची. माणसांवर चाचण्या घ्यायच्या आणि केंद्रीय औषध नियंत्रकांची मान्यता मिळवायची. वाट रास्त आहे, पण खर्चीक. पेटंट कायद्याचं कलम ३(पी) पारंपरिक ज्ञानावर मक्तेदारी देत नाही, आणि ते योग्यच आहे. मात्र मक्तेदारी नसेल, तर कोट्यवधींच्या चाचण्यांत पैसा कोण घालणार? याचं उत्तर सार्वजनिक निधीशिवाय दुसरं दिसत नाही.

आणि ज्या गावाकडून हे कळलं, त्या गावाचं काय? २००२च्या जैवविविधता कायद्याने गावोगावी लोकजैवविविधता नोंदवह्या करायला सांगितलं. या कल्पनेमागे माधव गाडगीळांचं मोठं काम आहे. व्यापारी वापर करणाऱ्यांना लाभात वाटा द्यावा लागतो, राज्यासाठी नागपूरला जैवविविधता मंडळ आहे. २०२३च्या दुरुस्तीने ग्रंथबद्ध पारंपरिक ज्ञानाला या वाटणीतून सूट दिली. ग्रंथाबाहेरच्या, तोंडी चालत आलेल्या ज्ञानाची नोंद म्हणूनच अधिक नेटकी व्हायला हवी.

बर्चच्या सालीने पास केलेली परीक्षा

हे सगळं अशक्य आहे का? नाही. ‘फिल्सुव्हेझ’ हे युरोपात २०२२ साली आणि अमेरिकेत डिसेंबर २०२३मध्ये मान्य झालेलं जेल पाहा. त्यात बर्च झाडाच्या सालीचा, ट्रायटर्पीन असलेला कोरडा अर्क दहा टक्के आणि सूर्यफुलाचं तेल नव्वद टक्के. बस्स. ते जंतुनाशक म्हणून नव्हे, तर एपिडर्मोलिसिस बुलोसा या जन्मजात आजारातल्या जखमांसाठी आहे. या मुलांची कातडी जरा घासली तरी सोलून निघते. २२३ रुग्णांवर चाचणी झाली. निम्म्यांना अर्काचं जेल, निम्म्यांना अर्काविना तेलाचं जेल. कुणाला कोणतं, हे रुग्णालाही ठाऊक नाही आणि डॉक्टरलाही नाही. ४५ दिवसांत निवडलेली जखम पूर्ण भरली ती अर्कवाल्या गटात ४१.३ टक्के जणांची, कोऱ्या जेलच्या गटात २८.९ टक्के जणांची.

दुसरा आकडा पहिल्याइतकाच बोलका आहे. नुसता बेस लावून, पट्टी बदलून, काळजी घेऊन शंभरांतल्या जवळपास २९ जखमा भरल्या. कोऱ्या जेलचा गट ठेवला नसता, तर ४१ टक्क्यांचं सगळं श्रेय सालीला गेलं असतं. ठेवला, म्हणून सालीची खरी कमाई शंभरांत सुमारे १२ जखमांची, हे कळलं; आणि तेवढी कमाई मान्यतेला पुरेशी ठरली. वनस्पतीचा गुण थोडा निघाला, तरी तो खरा निघाला पाहिजे.

सुरक्षिततेची हमी तर ‘नैसर्गिक’ या शब्दात मुळीच नाही. बिब्बा उतल्यावर अंगावर काय फोड येतात, हे खेड्यातल्या माणसाला सांगायला नको. बावची लावून उन्हात गेलं तर कातडी भाजते. रुईचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा होते. आणि मातीतून खुडलेला पाला न धुता जखमेवर चोळला, तर रसाबरोबर मातीतले जंतूही जातात. त्यांत धनुर्वाताचेही असू शकतात. कापलं तर आधी स्वच्छ पाणी आणि साबण, मग धनुर्वाताच्या इंजेक्शनची चौकशी. मधुमेह्याच्या पायाची जखम तर घरगुती प्रयोगांची जागाच नव्हे.

एफ-३च्या पुढे

मग महाविद्यालयांनी हे प्रबंध बंद करावेत का? उलट, ते पुरते करावेत. विद्यार्थी दोन वर्षांत औषध बाजारात आणू शकत नाही, पण साखळीतली एक कडी पक्की करू शकतो. एका वर्षीच्या तुकडीने दगडी पाल्याच्या ताज्या रसाची आणि मिथेनॉलच्या अर्काची समोरासमोर तुलना करावी. पुढच्या तुकडीने महिन्या-महिन्याला पानं गोळा करून घटकांचा चढउतार मांडावा. तिसरीने कोऱ्या जेलशी ताडून किमान रोधक मात्रा काढावी, चौथीने सहा महिने जेल ठेवून पाहावं. आज दरवर्षी नवी वनस्पती घेऊन सगळे पहिल्याच पायरीवर उभे राहतात, कारण ‘नवीन विषय’ हवा असतो. शंभर वनस्पतींचे शंभर झोन आपल्याकडे आहेत. एकीचीही पाठोपाठची दहा वर्षं नाहीत.

यात न जमलेल्या प्रयोगांचीही नोंद यायला हवी. अर्काने जेल पातळ झालं, तीन महिन्यांत रंग उतरला, कोऱ्या जेलचाच झोन मोठा आला, हे निष्कर्ष लपवण्याजोगे नाहीत. पुढच्याचे कष्ट वाचवणारे आहेत. विद्यापीठांनी अशा प्रबंधाला कमी गुण न देता पूर्ण गुण दिले, तर चित्र बदलायला फार वर्षं लागणार नाहीत. बांधावरच्या माणसाने आपलं काम केव्हाच केलं आहे. पाहिलेलं त्याने पुढच्याला दाखवलं, फसलेलं सोडून दिलं. मोजण्याची, लिहिण्याची आणि तोच प्रयोग पुन्हा करून पाहण्याची जबाबदारी ज्यांच्याकडे यंत्रं, शिष्यवृत्त्या आणि पदव्या आहेत त्यांची आहे, आणि ती अजून बाकी आहे.